नवसाबाईंचा शनिवारचा तास

स्टाफरूमच्या दारावर नावांच्या पाट्या लागल्या त्या वर्षी क्लार्कने मोठ्या अदबीने विचारलं होतं, "मॅडम, पाटीवर 'प्रा. एन. आहेर' लिहू ना?" बाई म्हणाल्या, "का हो? बापाने ठेवलेलं नाव काय चोरीचं आहे? नवसाबाई लिहा. सगळं लिहा." आणि तसं लिहिलं गेलं. चार मुलं पाळण्यातच गेली म्हणून चांदवडच्या जयराम शेतकऱ्याने रेणुकामातेला नवस बोलून मिळवलेली ही मुलगी. हे नाव घेऊन ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, १९७५ साली नाशिकमधल्या एका कॉलेजात शिकवायला लागली आणि पुढे तीस वर्षं तिने कुणाचं म्हणून ऐकून घेतलं नाही. नवरा एकनाथराव, ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. स्वभावाने थंड पाणी. ते पाहुण्यांना सांगत, "नवस सासऱ्यांनी बोलला, फेडतोय मी."

बाईंचं वैर एकाच गोष्टीशी होतं. रिडिंग जुळवण्याशी.

सायन्सला गेलेल्या कुणालाही विचारा, रिडिंग जुळवणं म्हणजे काय ते तो खाली मान घालून सांगेल. उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. त्या उत्तरापासून उलटं निघायचं, गणित मागे मागे न्यायचं आणि प्रयोगाच्या रकान्यात असे आकडे भरायचे की शेवटी बरोबर पुस्तकातलंच उत्तर यावं. प्रयोग केला काय नि न केला काय! जर्नल सुबक, अक्षर मोत्यासारखं, खाली सरांची लाल सही. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टचं तर त्याहून सोपं. कॉलेजच्या फाटकासमोर मनोजचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं, आणि मागच्या कित्येक वर्षांचे प्रोजेक्ट त्याच्याकडे तयार असत. नाव बदला, साल बदला, काळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं मारून घ्या, झाले तुम्ही शास्त्रज्ञ. मास्तरांना ठाऊक, परीक्षकांना ठाऊक, शिपायालाही ठाऊक. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधतो कोण!

बाईंच्या डोक्यात हे गेलं ते १९९३ च्या मे महिन्यात. मालेगावकडचा संतोष नावाचा मुलगा त्यांच्या हाताखाली प्रोजेक्ट करत होता. त्याचं बांधून आलेलं बाड बाईंनी उघडलं. पहिल्याच पानावर भारदस्त इंग्रजीत लिहिलेलं, 'हा प्रबंध माझ्या दिवंगत वडिलांच्या पवित्र स्मृतीस अर्पण.' बाईंना गलबलून आलं. पोराचा बाप गेला आणि आपण साधी विचारपूसही केली नाही! दुसऱ्या दिवशी त्या त्याला जवळ घेऊन चार शब्द बोलणार, तेवढ्यात प्रयोगशाळेच्या दारात पांढरा पायजमा, टोपी आणि हातात पेढ्यांचा पुडा असा एक गृहस्थ उभा राहिला.

"मी संतोषना बाप शे," तो म्हणाला. "मना पोऱ्यानी काय लिखेल शे यामा? पहिलं पान तरी वाची दाखाडा ना, बाई."

पान उघडं, बाप समोर धडधाकट, आणि पोरगा कोपऱ्यात टेबलाला धरून उभा. बाईंनी बाड मिटलं. म्हणाल्या, "तुमची आठवण काढलीय त्याने. तुमच्यामुळे शिकलो म्हणून." बाप पेढा भरवून गेला.

"कुणाचा बाप मेला होता रे?" बाप गेल्यावर त्यांनी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीच्या पोराचा, मॅडम." संतोष रडायलाच लागला. "मला इंग्रजीचा अर्थ लागला असता तर बदललं असतं की. मनोजभाऊ म्हणाला, नाव तेवढं बदल, बाकी सगळं बरोबर आहे."

बाईंनी उगारलेला हात तसाच खाली घेतला. तोवर त्या समजत होत्या की पोरं आळशी आहेत, लबाड आहेत. आज कळलं की पोरं घाबरलेली आहेत. मोसम नदीकाठच्या यंत्रमागांच्या गल्लीतून आलेलं पोर, बारावीपर्यंत मराठीत शिकलेलं. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं की तू जे डोळ्यांनी पाहतोस ते तुझ्या शब्दांत लिहिता येतं. त्याला वाटत होतं, विज्ञान म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी इंग्रजी.

स्टाफरूममध्ये हा किस्सा ऐकून सगळे पोट धरून हसले. एकजण म्हणाला, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, मॅडम?"

"आडात भरपूर आहे," बाई कडाडल्या. "पोहऱ्याला दोर तुम्ही बांधला नाहीत."

त्याच जूनपासून शनिवारी दुपारी दोन वाजता त्यांनी लिहायचा तास सुरू केला. ना तो वेळापत्रकात, ना त्याला गुण, ना त्याचा पगार. पोरांनी आधी मराठीत लिहायचं, अगदी घरच्या बोलीत लिहिलं तरी चालेल, आणि मग ते इंग्रजीत न्यायचं. "विज्ञान आणि मराठीत?" सहकारी म्हणाले. "उद्या ओव्या म्हणायला लावाल." बाई म्हणाल्या, "ओवी म्हणणारीच्या जात्यातून पीठ तरी खरं पडतं. तुमच्या जर्नलांतून काय पडतं?"

पहिल्या तासाला बाईंनी सांगितलं, घरी जे काम हाताने करता ते लिहून काढा, आणि ज्याने ते जन्मात केलेलं नाही त्याला वाचून करायला द्या. चांदवडकडच्या गोरक्षने कांद्याची लागण लिहिली. तीन ओळी. 'रोप उपटावे. वाफ्यात लावावे. पाणी द्यावे.' कागद गेला कॉलेज रोडच्या मोहिनीकडे. तिने कांदा फक्त कोशिंबिरीत पाहिलेला. कॉलेजमागच्या वाफ्यात तिने रोपांची अख्खी जुडी एकाच खड्ड्यात पुरली आणि वरून प्यायच्या ग्लासने पाणी ओतलं. गोरक्ष हसून हसून गडाबडा लोळायचा बाकी राहिला.

"दात काय काढतोस?" बाई त्याच्यावर उखडल्या. "तिने तुझं लिहिलेलंच केलं. एकेक रोप लावायचं हे तुझ्या कागदात कुठंय?"

"ते काय लिहायचं मॅडम, कुणालाबी म्हायती असतं."

"तिला नव्हतं. तू काही कागदाबरोबर जाणार नाहीस. कागद एकटाच जाणार, कुठल्या कुठे. मग तोच पुरेसा पाहिजे."

गोरक्षने ते चार वेळा लिहिलं. तिसऱ्या वेळी लिहिलं, दोन रोपांत चार बोटं अंतर. बाईंनी मोहिनीची बोटं आणि त्याची बोटं शेजारी शेजारी टेकवून मोजायला लावली आणि मग त्याने मुकाट पट्टी घेतली. चौथ्या वेळच्या कागदावरून मोहिनीने लावलेला कांदा आला, आणि तो तिने वर्गात मिरवला. "बघ, तुझ्यापेक्षा मोठा आलाय!"

दुसरा नियम पोरांना जास्त जड जाई. जे बिघडलं तेही लिहायचं. बी सडलं तर सडलं म्हणून लिहा. हात हलला, पाणी सांडलं, लाईट गेली, लिहा. पोरं म्हणत, मॅडम, मार्क जातील. बाई म्हणत, जाऊ देत, गेलेले मार्क परत मिळतात.

हे तोऱ्यात सांगणाऱ्या बाईंची स्वतःची पीएच.डी. झालेली नव्हती, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं. १९८४ साली त्यांचा प्रबंध पूर्ण होत आला होता. दोन हंगामांचे आकडे मार्गदर्शकांच्या जुन्या लेखाशी जुळेनात. ते म्हणाले, "थोडे जुळवून घ्या, आहेर." बाई म्हणाल्या, नाही. ते म्हणाले, मग दुसरा मार्गदर्शक बघा. दुसरा मिळाला नाही. पुण्याला विद्यापीठात दोन फेऱ्या झाल्या, चार अर्ज झाले, विषय संपला. त्यामुळे २००१ साली विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती बाईंना मिळाली नाही. ती मिळाली धनराज बोराडेंना. वयाने सोळा वर्षांनी लहान, पीएच.डी. केलेले, आणि एके काळचे बाईंचेच विद्यार्थी. बाई पेढे घ्यायला गेल्या, पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "धनराज, खुर्ची घे. सहीचं पेन मात्र जपून धर."

आणि मग आली सविता गावित.

सुरगाण्याच्या डोंगरातली मुलगी. आई भागीबाई, बाप आणि भाऊ, सगळे भात-नागली काढून झाली की दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला उतरणारे. सविता आश्रमशाळेत शिकली आणि २००४ साली एम.एस्सी.ला आली. वर्गात तोंडातून शब्द काढायची नाही, पण शनिवारी पाठ फिरली की वहीची चार पानं भरलेली असत. प्रोजेक्टचा विषय तिने स्वतः आणला. त्यांच्याकडे नागलीचं बी चुलीच्या राखेत घोळून कणगीत ठेवतात. राखेने बी जास्त उगवतं, असं सगळे म्हणतात. "खरंच उगवतं का, मॅडम? कुणी मोजलंय का?"

बाईंना हर्ष झाला. इतक्या वर्षांत असा प्रश्न घेऊन कुणी आलं नव्हतं. धनराजसरांनाही झाला, पण निराळ्या कारणाने. कॉलेजला राज्यस्तरीय चर्चासत्र घ्यायचं होतं, विषय 'पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक विज्ञान'. आदिवासी मुलगी, आदिवासींचं बी, आणि विज्ञान म्हणतंय की बरोबर आहे! याहून चांगलं काय पाहिजे? त्यांनी निबंधाचा गोषवारा स्वतः लिहून चर्चासत्राच्या पुस्तिकेत छापून टाकला. पहिलं नाव त्यांचं, दुसरं सविताचं.

सविताने ऑक्टोबरमध्ये नवीन बी राखेत ठेवलं, तेवढंच बिनराखेचं ठेवलं. एप्रिलमध्ये दोन्ही काढलं. ओल्या टिपकागदावर शंभर-शंभर दाणे मोजून काचेच्या बश्यांत मांडले आणि बश्या उगवणीच्या पेटीत ठेवल्या. ही पेटी विजेवर चालते आणि आत पंचवीस अंश राखते. आता २००६ चा उन्हाळा आठवा. भारनियमनाने माणसं रडकुंडीला आली होती. रोज चार-चार तास वीज जायची आणि पेटीतला पारा तेहतिसावर चढायचा. सविता पेटीसमोर स्टूल टाकून बसायची आणि लिहायची. 'अकरा वाजून पाच मिनिटांनी वीज गेली. तापमान पंचवीस. एक वाजता तीस. तीन वाजता तेहतीस. तीन-दहाला वीज आली.' असं तिने तीनदा केलं, पहिल्यापासून तीनदा. राखेतलं बी शंभरात एकाहत्तर उगवलं, बिनराखेचं सत्तर.

सतरा मे, बुधवार. धनराजसरांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. समोर टाइप केलेली प्रत.

"मॅडम, हे एकाहत्तर काय आहे?"

"उगवण. शंभरातले एकाहत्तर दाणे उगवले."

"आणि राख न घातलेले?"

"सत्तर, सर," सविता म्हणाली.

"म्हणजे फरकच नाही?"

"नाही, सर."

सरांनी चर्चासत्राची पुस्तिका उघडून पुढे सरकवली. राखेतलं बी, ब्याण्णव. बिनराखेचं, चौसष्ट. बाईंनी ते वाचलं, पुस्तिकेवरचा महिना वाचला आणि त्यांच्या कपाळाची शीर तटतटली. "हे फेब्रुवारीत छापलंत? हिने बी भिजवलं एप्रिलमध्ये! बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार हा!"

"अंदाज होता तो. सगळं गाव म्हणतं राखेने उगवतं, म्हटलं उगवत असेल." सर ओशाळले, पण क्षणभरच. "आता छापलंय ना? जूनमध्ये मूल्यांकन समिती येतेय, पुस्तिका त्यांच्या टेबलावर असणार. आणि हे काय, मॅडम, लाईटचं वेळापत्रक? सतरा वेळा वीज नव्हती म्हणून लिहिलंय! समितीला वाटेल विभागाकडे जनरेटर नाही."

"नाहीच आहे."

"ते लिहायचं असतं का?"

"सगळ्या बश्या एकाच पेटीत होत्या, सर," सविता हळूच म्हणाली. "तापल्या तर सगळ्याच तापल्या. तुलना नाही बिघडत."

सरांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. दार लोटलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, शुक्रवारी पाचला मुदत संपते. माझ्या सहीशिवाय बाड विद्यापीठात जात नाही, वर्ष जाईल पोरीचं. तिला बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेचं बोलावणं आलंय. प्रथम वर्ग लागतो तिथे. तुम्ही तुमच्या वेळी हट्ट केलात, ठीक आहे. तुमच्या घरी नवऱ्याचा पगार येत होता. हिच्या घरी काय आहे?"

नवसाबाई उठून बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला एकनाथरावांनी विचारलं, "काय ठरलं?"

"बदलायचं. माझा हट्ट मी माझ्या जिवावर केला. त्या पोरीच्या जिवावर कसा करू? उद्या ती द्राक्षं खुडायला गेली तर माझी तत्त्वं काय तिची मजुरी करणार आहेत?"

"तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं! पोर आहे ती."

एकनाथरावांनी डबा घेतला आणि कारखान्याची बस पकडायला गेले. बाईंना त्यांच्या गप्प बसण्याचा फार राग आला.

साडेअकराला बाई मनोजच्या दुकानाची पायरी चढल्या. तेरा वर्षांत पहिल्यांदा. मनोजने घाईघाईने फडक्याने स्टूल पुसलं. सविता आधीच येऊन बसली होती. रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांची वीज गेलेली, मनोजचा कॉम्प्युटर मात्र चालू. "इन्व्हर्टर घेतलाय, मॅडम," तो अभिमानाने म्हणाला. "आपलं काम लाईटवाचून अडत नाही."

"सविता," बाई म्हणाल्या, आणि त्यांना आपलाच आवाज परका वाटला, "एकाहत्तरचे ब्याण्णव कर. सत्तरचे चौसष्ट. विजेची पानं काढून टाक. मी सांगतेय म्हणून कर. पाप माझ्या माथी."

"दोन मिनिटांचं काम," मनोज म्हणाला आणि कळफलकाकडे वळला. सविताने त्याच्या हाताच्या आड आपला हात धरला.

"मॅडम, राग मानू नका. आईला काय सांगू?"

"आईला काय सांगायचंय? ती काय वाचणार आहे का?" तोंडातून गेलं खरं. गेल्या गेल्या बाईंनी जीभ चावली.

सविताने ते मनाला लावून घेतलं नाही, की घेतलं आणि दाखवलं नाही, कोण जाणे. ती सरळ सांगत राहिली. "वाचणार नाही. पण आखाजीच्या सणाला घरी गेले तेव्हा मी तिला सांगून बसले. राखेनं उगवण वाढत नाही म्हणून. तिनं पुढचं ताट सारलं. म्हणाली, तुझ्या आजीच्या आजीपासून राख घालतो, आन तू दोन बुकं शिकून आम्हाला येड्यात काढते? दोन दिवस बोलली नाय माझ्याशी. तिसऱ्या दिवशी मी दोन बश्या मांडल्या, ओलं फडकं टाकून. म्हटलं, तूच मोज. तिला शंभर येत नाहीत, मॅडम. वीस-वीसचे पाच वाटे घातले तिनं. चार दिवसांनी उगवलेले वेचले, पुन्हा वाटे घातले. तीनदा मोजलं."

"मग?"

"दोन्हीकडचे सारखेच आले. मग म्हणाली, आपण राख घालतो कशाला तर? मी म्हटलं, किडा लागत नसेल, पण ते मी पाहिलेलं नाही. तर म्हणाली, मग पुढच्या साली ते पाहा." सविताने बाईंकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज भरला नव्हता. "आता मी जाऊन काय सांगू? तू मोजलंस ते खोटं, कॉलेजात राख पास झाली? मॅडम, वर्ष गेलं तर जाऊ दे. मी नाय बदलणार."

नवसाबाईंना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता, आणि दोन्हींचा मिळून त्यांना भयंकर संताप आला. पोरगी त्यांना नाही म्हणाली होती! त्यांना, नवसाबाई आहेरांना!

"मनोज," त्या गरजल्या, "बघतोस काय? आहे तसं छाप. चार प्रती. विजेच्या पानांसकट."

"आणि बोराडेसरांची सही?"

"सही मी आणते. तू बाईंडिंगची काळजी कर."

शुक्रवारी तीन वाजता त्यांनी चार बाडं धनराजसरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी पान उलटलं, एकाहत्तर पाहिला आणि बाड मिटलं. "मी सही करणार नाही. खाल्ल्या घरचे वासे मोजताय तुम्ही, मॅडम. या विभागाने तुम्हाला तीस वर्षं पोसलं."

"वासे कुणीतरी मोजलेच पाहिजेत, नाहीतर घर डोक्यावर येतं. नको करूस सही. ही चार बाडं घेऊन मी आत्ता पुण्याची बस धरते. सोबत एक अर्ज लावते. बी कधी भिजवलं, पुस्तिका कधी छापली, सही कोणत्या दिवशी किती वाजता नाकारली. तारखा आणि आकडे, बस्स. तुला नावं ठेवणार नाही, धनराज. एक विशेषणसुद्धा घालणार नाही."

विशेषणं घातली असती तर सर घाबरले नसते. रागाने खरडलेले अर्ज कचऱ्याच्या डब्यात जातात. पण ते याच बाईंच्या हाताखाली शिकले होते, आणि नुसत्या तारखा लिहून ही बाई काय करू शकते हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. घड्याळाचा काटा साडेतीनवर गेला. सरांनी पेन काढलं. कागद फाटेल इतका जोर देऊन चार सह्या केल्या आणि मान वर न करता म्हणाले, "तोंडी परीक्षा आहे अजून. विसरू नका."

विसरणार कोण! बाहेरून आलेले परीक्षक सरांचेच मित्र. त्यांनी बाड नुसतं चाळलं, मागे रेलले आणि हसत म्हणाले, "म्हणजे थोडक्यात, तुमचा प्रयोग फसला."

सविता उभी होती. हात पाठीमागे बांधलेले. म्हणाली, "नाही सर. प्रयोग झाला. राख नापास झाली."

परीक्षकांचं हसू जागच्या जागी विरलं. भिंतीशी बसलेल्या नवसाबाईंना 'शाब्बास' म्हणून ओरडावंसं वाटलं, त्यांनी पदर तोंडात धरला. पण शाब्बासकीला गुण नसतात. प्रोजेक्टला शंभरात एक्केचाळीस मिळाले, चाळीसला पास. बाकीच्या विषयांत पुढे असलेली सविता या एका खड्ड्याने द्वितीय वर्गात आली. बियाण्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी तिला मिळाली नाही. जुलैपासून ती सुरगाण्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिकेवर शिकवायला लागली. दर तासामागे तुटपुंजे पैसे, तेही सहा महिन्यांनी. आणि धनराजसरांनी नवसाबाईंचं नाव प्रोजेक्टच्या मार्गदर्शकांच्या यादीतून काढून टाकलं. लेखी कळवलं, वर आदरपूर्वक असंही लिहिलं.

शनिवारच्या तासाला हात लावणं मात्र सरांना जमेना. जो वेळापत्रकात नाहीच, तो बंद कसा करणार? जुलैतल्या पहिल्या शनिवारी दोन वाजता नव्या वर्षाची बावीस पोरं येऊन बसली. बाई आत आल्या, हजेरी नाही, प्रस्तावना नाही. खडू घेऊन थेट फळ्याकडे वळल्या.

'दिनांक १८ मे २००६, गुरुवार, सकाळी साडेअकरा. स्थळ, कॉलेजच्या फाटकासमोरील टायपिंगचे दुकान. प्रा. नवसाबाई आहेर यांनी विद्यार्थिनी सविता गावित हिला उगवणीचा आकडा ७१ चा ९२ करण्यास सांगितले. सविता गावित हिने नकार दिला.'

पहिल्या बाकावरची निकिता नावाची मुलगी कधी फळ्याकडे, कधी बाईंकडे बघत होती. शेवटी तिने भीत भीत हात वर केला.

"मॅडम, कारण नाही लिहिलं."

"कसलं कारण?"

"तुम्ही का सांगितलं ते."

'तिचं भलं व्हावं म्हणून' हे शब्द बाईंच्या ओठांवर आलेच होते. चांगले, सोयीचे शब्द. गेला दीड महिना त्या स्वतःला तेच सांगत होत्या. पण त्यांनी मोठ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'कारण : डोंगरातल्या मुलीला खरं बोलणं परवडणार नाही, असे आहेर यांना वाटले.'

व्हरांड्यातून चाललेले धनराजसर दारात थबकले. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "मॅडम, हे काय लिहिलंय? पुसा आधी. कुणी बघेल!"

"बघू दे," नवसाबाई म्हणाल्या. "आणि दारातून जरा बाजूला हो, धनराज. उजेड अडतोय. पोरांचं अजून उतरवून व्हायचंय."